मॅमोग्राफी सर्वांचीच का होत नाही?

प्रश्न : माझे वय ४६ आहे. घोडबंदर रस्त्यावरील आमच्या सोसायटीत स्तनांच्या मोफत तपासणीचे शिबिर झाले, पण आरोग्यसेविकेने केवळ हाताने तपासले. परदेशात सर्व स्त्रियांची नियमित मॅमोग्राफी, म्हणजे स्तनांची क्ष-किरण तपासणी होते. मग आपले शासन एवढ्यावरच का भागवते? — एक वाचक, कासारवडवली, ठाणे

उत्तर : ताई, आपला प्रश्न रास्त आहे, मात्र हाताची तपासणी म्हणजे बोळवण, हा समज मनातून काढावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे. टाटा रुग्णालयाच्या डॉक्टरांनी १९९८ पासून मुंबईतील वस्त्यांत ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखाहून अधिक स्त्रियांचा अभ्यास केला आणि त्यांतील एका गटाची तपासणी प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हातानेच केली. २०२१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले : या गटात कर्करोग तुलनेने लवकरच्या टप्प्यात सापडला आणि पन्नाशीपुढील स्त्रियांत या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी घटले. पन्नाशीच्या आत मात्र तसा लाभ दिसला नाही, हेही सांगायला हवे.

मॅमोग्राफीबाबत परदेशातही एकमत नाही. ब्रिटनमध्ये पन्नाशीपासून दर तीन वर्षांनी बोलावतात. अमेरिकेतील तज्ज्ञांच्या कार्यदलाने २००९ मध्ये पन्नाशीपासून, तर २०२४ मध्ये चाळिशीपासून दर दोन वर्षांनी तपासणी सुचवली. ब्रिटनमधील तज्ज्ञ समितीने २०१२ मध्ये असा हिशेब मांडला, की या तपासणीमुळे एक मृत्यू टळतो, तेव्हा सुमारे तीन स्त्रियांवर अशा कर्करोगासाठी उपचार होतात, जो त्यांना हयातभर जाणवलाही नसता. शिवाय तरुण वयात स्तनांच्या ऊती दाट असल्याने गाठ क्ष-किरणांत सहज दिसत नाही, आणि आपल्याकडे पन्नाशीच्या आतील रुग्ण पुष्कळ आहेत.

शासनाविषयी माझी तक्रार वेगळीच आहे. केंद्राच्या २०१६ च्या मार्गदर्शिकेत ३० ते ६५ वयाच्या स्त्रियांची हाताने करायची ही तपासणी दर पाच वर्षांनी सांगितली आहे. मुंबईचा पुरावा मात्र दोन वर्षांच्या अंतराचा आहे. त्याहून मोठी उणीव शिबिरानंतरची. माझ्या बाह्यरुग्ण विभागात आलेल्या एका बाईंनी पर्समधून चार घड्यांची चिठ्ठी काढली. तिच्यावर ‘गाठ आहे, पुढील तपासणी करावी’ असे लिहिले होते आणि तारीख सात महिन्यांपूर्वीची होती. ‘दुखत नव्हती, आणि सोनोग्राफी एकीकडे, बायोप्सी दुसरीकडे, किती खाडे करायचे?’ असे त्या म्हणाल्या. ज्या स्त्रीला गाठ सापडली तिची सोनोग्राफी व बायोप्सी एकाच ठिकाणी, त्याच आठवड्यात व्हावी आणि ती आली नाही तर आशाताईंनी तिच्या दारी जावे, यासाठी पैसा आधी खर्च व्हावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

आपल्यापुरते सांगायचे तर, वय ४६ असताना मॅमोग्राफी करण्यात गैर काही नाही; तिचे लाभ आणि तोटे डॉक्टरांशी बोलून ठरवावे. आई किंवा बहिणीला हा आजार झाला असेल, तर हा सल्ला विनाविलंब घ्यावा. मात्र नवी गाठ हाताला लागली, त्वचा आत ओढल्यासारखी दिसली किंवा स्तनाग्रातून रक्त आले, तर शिबिराच्या कागदावर ‘काही नाही’ असे लिहिलेले असले तरी त्याच आठवड्यात शल्यविशारदांना दाखवावे.