डन्जन्स अँड ड्रॅगन्स या खेळात दोन रिंग ऑफ प्रोटेक्शन (संरक्षण देणाऱ्या जादूच्या अंगठ्या) एकत्र घातल्या तर एसी (आर्मर क्लास, म्हणजे पात्राला वार लागणं किती कठीण ते सांगणारा आकडा) दोनने वाढतो का? (कोथरूडच्या आमच्या ग्रुपमध्ये यावरून दर रविवारी वाद होतो)

नाही, एकनेच वाढतो. डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीत या अंगठीला अट्यूनमेंट (वस्तूची जादू वापरण्यासाठी पात्राने तिच्याशी जोडलं जाणं) लागते आणि एकाच वस्तूच्या दोन प्रतींशी एका वेळी अट्यूनमेंट करता येत नाही. दुसरी अंगठी बोटात नुसती शोभेला. ती पार्टीतल्या, म्हणजे पात्रांच्या गटातल्या, विझार्डला (जादूगाराला) देऊन टाका, त्याला खरी गरज असते.

मात्र रिंग ऑफ प्रोटेक्शन आणि क्लोक ऑफ प्रोटेक्शन (जादूचा झगा) या वेगळ्या वस्तू आहेत. दोन्ही वापरल्या तर एसी आणि सेव्हिंग थ्रो (मंत्र, विष वगैरेंपासून वाचण्यासाठी टाकायचा फासा) खरोखरच दोनने वाढतात. फक्त एका वेळी मिळणाऱ्या तुमच्या तीन अट्यूनमेंटपैकी दोन तिथेच संपतात, आणि उद्या चांगली तलवार मिळाली की हेच जड जातं.

तुमच्या वादाचं मूळ मला वेगळंच वाटतं: अट्यूनमेंट कधी होते, हे टेबलावर कुणी स्पष्ट बोलत नाही. वस्तू हाताशी धरून पूर्ण शॉर्ट रेस्ट, म्हणजे खेळातली किमान एक तासाची विश्रांती, घेऊन तिच्यावरच लक्ष द्यावं लागतं. गुणधर्म ओळखण्यासाठी घेतलेली रेस्ट यात धरत नाहीत, त्यासाठी वेगळी घ्यावी लागते. त्यामुळे लढाई ऐन रंगात असताना ‘मी अंगठी बदलली’ म्हणून भागत नाही. डीएमने (खेळ चालवणाऱ्याने) इथे ठाम राहावं, कारण त्या तीन जागांमुळेच निवडीला वजन येतं.

शापित वस्तू असेल तर सहसा मनात येईल तेव्हा सोडता येत नाही. रिमूव्ह कर्स या मंत्राने अट्यूनमेंट तुटते, पण वस्तूतला शाप तसाच राहतो.