मुलांना आपली कथा आपणच तपासायला कशी शिकवावी?

तुमचा प्रश्न असा आहे की सातवी-आठवीच्या मुलांच्या कथा तपासून परत दिल्या, की ती फक्त ऱ्हस्व-दीर्घ सुधारून आणतात आणि कथा होती तशीच राहते. मग आपल्या लेखनात काय कमी आहे हे त्यांचं त्यांना कळावं यासाठी काय करावं?

मी अमरावती जिल्ह्यातल्या मोर्शी तालुक्यात एका जिल्हा परिषद शाळेत मराठी शिकवते. माझा अनुभव सांगते. आपली कथा दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्याशिवाय मुलाला तिच्यातली उणीव दिसत नाही.

सुरुवातीला मी तक्ता दिला होता. कल्पना, भाषा, पात्रं, शेवट, प्रत्येकाला पाचपैकी गुण स्वतःच द्या. धीट मुलांनी सगळीकडे पाच-पाच लिहिले. वर्गात सगळ्यांत चांगलं लिहिणाऱ्या मुलीनं स्वतःला दोन-दोन दिले. कोणाला स्वतःवर किती भरवसा आहे ते त्यातून कळलं, कथेबद्दल काहीच कळलं नाही. तो तक्ता मी बंद केला.

आता कथा लिहून झाली की आठ दिवस वह्या कपाटात ठेवते. लिहिल्या लिहिल्या मुलाला कागदावरचं दिसत नाही, डोक्यातलंच दिसत असतं. मग जोड्या लावते. शेजारच्यानं कथा मोठ्यानं वाचायची. लिहिणाऱ्यानं पेन्सिल घेऊन गप्प बसायचं आणि वाचणारा जिथं अडखळला तिथं समासात टिंब द्यायचं. त्यानंतर वही मिटून वाचणाऱ्यानं तीच गोष्ट आपल्या शब्दांत सांगायची. छान आहे, बरी आहे, असं काही म्हणायचं नाही.

खरं काम इथं होतं. एका मुलीनं लिहिलं होतं, ‘एका गावात एक गरीब शेतकरी होता. त्याच्या बागेचे नुकसान झाले. तो फार दुःखी झाला.’ मैत्रिणीनं सांगितलं, “एक शेतकरी होता, त्याले दुःख झालं.” एवढंच! ही तावातावानं म्हणाली, “अवं तसं नाही, आंबियाची फळं गळली, मंग व्यापारी इसार परत मांगाले आला ना!” (आंबिया म्हणजे संत्र्याचा एक बहार, इसार म्हणजे सौद्यापोटी व्यापाऱ्यानं आधी दिलेले पैसे.) आणि लगेच माझ्याकडे वळली, “मॅडम, थे तं म्या लिवलंच नाही.” मी काहीच बोलले नाही. पुढच्या खर्ड्यात ‘दुःखी’ हा शब्द गेला होता. त्या जागी होतं, ‘बाबांनी इसाराचे पैसे खिशातून काढले, दोनदा मोजले आणि व्यापाऱ्याकडे न पाहता चहा मांडायला सांगितला.’ लाल पेनानं ‘वर्णन वाढवा’ असं लिहून मला हे वाक्य कधीच मिळालं नसतं.

कसोट्याही मुलांकडूनच घ्या. जुन्या बॅचच्या दोन कथा नावं झाकून वाचते आणि कोणती लक्षात राहिली, का राहिली, एवढंच विचारते. मुलं जे बोलतात ते त्यांच्याच शब्दांत कार्डशीटवर लिहून भिंतीला लावते. ‘पाह्यल्यावानी वाटते का?’ ‘कोण बोलून राह्यलं ते समजते का?’ ‘तात्पर्य खोडलं तं गोष्ट उरते का?’ या शेवटच्या प्रश्नानं माझ्या वर्गातल्या निम्म्या कथा बदलल्या. दहावीच्या पेपरात कथालेखन आहे, म्हणून पालकांना तात्पर्य हवंच असतं. ते त्या वर्गात शिकवता येतं, आधी गोष्ट तर उभी राहू द्या.

संवाद वऱ्हाडीत आले तर खोडू नका. आजी प्रमाण मराठीत बोलली की मुलांना स्वतःलाच ते खोटं वाटतं.

एक काळजी मात्र घ्याच. आपल्याकडे कर्ज, नापिकी, घरातला मृत्यू या गोष्टी कथेत येतातच. ‘ही वाचायची नाही’ असं मूल म्हणालं, तर ती वही मी एकटीच वाचते आणि कारण विचारत नाही. हा नियम पहिल्याच दिवशी सांगा, नाहीतर मुलं पुन्हा राजा-राणीकडे वळतात.

दुसऱ्याला ऐकवण्यात काहींना कमीपणा वाटतो. त्यांना मी आमच्याच तालुक्यातल्या रिद्धपूरबद्दल सांगते. ‘लीळाचरित्र’ हा ग्रंथ तिथं तयार झाला. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी त्यासाठी महानुभाव पंथाच्या चक्रधरस्वामींच्या आठवणी माणसं शोधून, विचारून गोळा केल्या आणि पंथाचे तेव्हाचे प्रमुख नागदेवाचार्य यांच्याकडून तपासून घेतल्या. रिद्धपूर मुलांनी पाहिलेलं असतं, त्यामुळं त्यांना हे पटतं.

शुद्धलेखन सगळ्यांत शेवटी. गुण मी कथेला देत नाही. खाली ‘मी काय बदललं आणि का’ अशा दोन-तीन ओळी लिहायला लावते आणि गुण त्या ओळींना देते. काही बदललं नसेल तर का नाही, हेही चालतं.

विदर्भात शाळा जूनच्या शेवटी उघडतात. त्या पहिल्या आठवड्यातली कथा मी न तपासता पाकिटात बंद करते आणि जानेवारीत परत देते. बहुतेक मुलं ती वाचता वाचता, मी काही सांगायच्या आत पेन्सिल काढतात.