काम पाच ठाण्यांचं, नाव एकाही कागदावर नाही: महिला फौजदाराने ओळख कशी मिळवावी?

तुम्ही विचारलंय, की नाशिक परिक्षेत्रात पोलीस उपनिरीक्षक, म्हणजे फौजदार, होऊन तीन वर्षं झाली, काम भरपूर करता, पण ठाण्याबाहेर कोणी ओळखत नाही. पुरुष अधिकाऱ्यांची आपापली मंडळी असतात, मग बायकांनी जिल्ह्याबाहेर ओळखी आणि नाव कसं कमवायचं? आणि ८ मार्चच्या सत्कारांचा काही उपयोग असतो का?

मी १९९१ साली शिपाई म्हणून भरती झाले, खात्याची परीक्षा देऊन फौजदार झाले आणि २०२४ मध्ये सहायक निरीक्षक म्हणून निवृत्त झाले. बहुतेक नोकरी नाशिक ग्रामीणला, थोडी शेजारच्या दोन जिल्ह्यांत. तेव्हा जे सांगते ते तेवढ्याच भागाचं.

तुमची तक्रार मला अर्धीच पटली. कोणी ओळखत नाही म्हणता, पण आजूबाजूच्या चार-पाच ठाण्यांच्या प्रभारींच्या फोनमध्ये तुमचा नंबर नक्की असणार. रात्री अकराला फोन येतो ना, "मॅडम, जरा येता का, एक जबाब घ्यायचाय"? २०१२ च्या पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याप्रमाणे, पीडित मुलाचा जबाब शक्यतो उपनिरीक्षक किंवा त्याच्या वरच्या दर्जाच्या महिला अधिकाऱ्याने, मुलाच्या घरी, गणवेश न घालता घ्यायचा असतो. २०१३ च्या दुरुस्तीनंतर बलात्काराची फिर्यादही महिला अधिकाऱ्यानेच नोंदवायची असते. सूर्यास्तानंतर बाईला अटक करायची तर महिला अधिकारी आणि न्यायदंडाधिकाऱ्यांची परवानगी, दोन्ही लागतं. आणि तालुक्यात महिला फौजदार असते एखादी. त्यामुळे तुम्ही एका ठाण्याच्या नसताच, पाच ठाण्यांच्या असता. माझ्या कपाटात कायम एक साधी कॉटनची साडी इस्त्री करून ठेवलेली असायची. गाडी आली की गणवेश उतरवायचा आणि निघायचं.

गोची पुढे आहे. गुन्हा त्यांच्या ठाण्याचा, तपासी अंमलदार त्यांचा. तुम्ही आदिवासी पाड्यावर तीन तास बसून, मुलीच्या आजीला चहा पाजून, तिला बोलतं करून जबाब घेता. दोषारोपपत्रात तुमचं नाव येतं ते साक्षीदारांच्या यादीत. चार वर्षांनी समन्स येतं तेव्हा तुमची बदली दुसऱ्या जिल्ह्यात झालेली असते. तरी जाता, उलटतपासणी सोसता. शिक्षा लागते. बक्षीस मिळतं तपासी अंमलदाराला आणि पैरवी करणाऱ्या, म्हणजे कोर्टात केसचा पाठपुरावा करणाऱ्या, हवालदाराला. मला एका ठाण्यात हे सरळ तोंडावर ऐकवलं गेलं होतं, "मॅडम, तुम्ही तर फक्त जबाब घेतला." त्या केसमध्ये जबाबाशिवाय दुसरं होतं काय? असो.

त्या दिवसानंतर मी एक सवय लावून घेतली. दुसऱ्या ठाण्याला निघताना आपल्या स्टेशन डायरीत रवानगीची नोंद, तिथे पोहोचल्यावर त्यांच्या डायरीत नोंद, परत आल्यावर पुन्हा आपल्याकडे. गुन्हा नंबर, कलम, किती वाजता गेलो, किती वाजता आलो. घरी एक वेगळी वही, तिच्यात पीडितेचं नाव सोडून बाकी सगळं. शिक्षा लागली की आठवड्याच्या आत आपल्या प्रभारींमार्फत उपविभागीय अधिकाऱ्यांकडे बक्षिसासाठी अहवाल, सोबत डायरीच्या नोंदी. पहिल्या दोन वेळा काहीच झालं नाही. तिसऱ्यांदा सेवापुस्तकात ओळ चढली. रक्कम विचाराल तर हसाल, घरी पेढे आणण्यापुरती. पण १ मेला महासंचालकांचं सन्मानचिन्ह जाहीर होतं त्यात १५ वर्षं उत्तम सेवाभिलेख असा एक प्रकार असतो, आणि अभिलेख म्हणजे असल्याच ओळी. प्रस्ताव खालून जातो. यादी करणाऱ्या कारकुनासमोर तुमचं पान कोरं असेल तर वर कोणाला स्वप्न पडणार आहे?

आता ओळखींचं. नाशिक परिक्षेत्र म्हणजे नाशिक ग्रामीण, अहिल्यानगर, जळगाव, धुळे, नंदुरबार. शहर आयुक्तालय वेगळं. तुमची जिल्ह्याबाहेरची बदली बहुधा याच पाचांत फिरणार, म्हणून माणसं जोडायची तीही इथेच. त्र्यंबक रोडच्या पोलीस अकादमीतली बॅच तुमच्याजवळ आहेच. १९०९ पासून राज्याचे फौजदार नाशिकलाच घडतात, त्यामुळे नंदुरबारची असो की गडचिरोलीची, प्रत्येकीने त्याच मैदानावर घाम गाळलेला असतो. पण बॅचच्या ग्रुपवर वाढदिवसाचे केक सोडून काय असतं? कामाची ओळख कामातूनच होते. मी बाहेरच्या ठाण्यात जबाबाला गेले की तिथल्या महिला हवालदाराचा नंबर घेऊनच परत यायचे. अधिकाऱ्यांच्या बदल्या लवकर होतात, या ताया त्याच जिल्ह्यात वर्षानुवर्षं असतात. कुठल्या गावात कोणती आशाताई मदत करते, कुठला डॉक्टर रात्री तपासणीला कुरकुर करतो, सगळं त्यांना माहीत. एकदा धुळ्याकडून पळून आलेल्या मुलीचं घर मला तिथल्या एका हवालदार ताईने फोनवर वीस मिनिटांत शोधून दिलं. पत्रव्यवहार नंतर रीतसर झाला.

दुसरी जागा म्हणजे बंदोबस्त. २०१५ च्या सिंहस्थात २९ ऑगस्ट, १३ आणि १८ सप्टेंबरच्या पर्वण्यांना रामकुंडाकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझ्याबरोबर बाहेरच्या जिल्ह्यांतल्या महिला अधिकारी होत्या. भिजलेले बूट, सुकलेली पोळी-भाजी, आणि बायकांसाठी स्वच्छतागृह कुठे आहे ते एकमेकींना सांगणं यातून जी मैत्री झाली ती अजून टिकून आहे. आता पुन्हा सिंहस्थ येतोय. तपोवनापासून त्र्यंबकपर्यंत राज्यभरातून फोर्स येईल. तुम्ही इथल्या, म्हणजे यजमान. बाहेरून आलेल्या मुलींची राहण्याची सोय कशी आहे ते एकदा चक्कर मारून बघा. तेवढ्यावर तुम्हाला महाराष्ट्रभर ओळखतील. पोलिसांचा कर्तव्य मेळावा (तपासाच्या कौशल्यांच्या स्पर्धा) आणि क्रीडा स्पर्धांनाही नाव द्या, घरचं कारण सांगून टाळू नका. मी टाळलं. मुलगा लहान होता हे खरं, पण मला कंटाळाही आला होता हेही खरं.

एक धोक्याची गोष्ट. पोलिसांना संघटनेची मुभा नाही. १९६६ चा केंद्राचा कायदा आहे, आणि मुंबईत १९८२ साली पोलिसांच्या संघटनेची मान्यता गेली, संप झाला, त्यात किती जणांच्या नोकऱ्या गेल्या ते जुनी माणसं अजून सांगतात. म्हणून बायकांचा ग्रुप करा, पण त्यावर बदल्या, मागण्या, साहेबांची उणीदुणी नकोत. न्यायालयाचे निकाल, जबाबाचे नमुने, वैद्यकीय तपासणीच्या अडचणी, एवढंच ठेवा. तुमच्या ग्रुपचा स्क्रीनशॉट साहेबांच्या टेबलावर जाणार हे धरूनच लिहा.

राज्याबाहेरही दारं आहेत. महिला पोलिसांची राष्ट्रीय परिषद २००२ पासून भरते, दहावी २०२२ साली शिमल्याला झाली. तिथे राज्यांकडून नावं जातात, म्हणून वरच्या कार्यालयातून पत्र फिरलं की लगेच इच्छा लेखी द्या. महिला पोलिसांची आंतरराष्ट्रीय संघटना तर १९१५ पासूनची आहे, १९५६ मध्ये नव्याने उभी राहिली. तिच्या पुरस्कारांत नवख्या सहकाऱ्यांना घडवण्यासाठीही एक असतो, हे मला फार आवडलं. आपल्याकडे त्या कामाला कुठल्या रकान्यात घालणार? खात्याची परवानगी मात्र आधी घ्या. मी स्वतः यातल्या कशातही गेले नाही, तेव्हा याहून जास्त सांगत नाही.

वर बायका पोहोचल्यात हे खरंच. मीरा बोरवणकर मॅडमनी मुंबईची गुन्हे शाखा सांभाळली, २०२४ मध्ये रश्मी शुक्ला मॅडम राज्याच्या पहिल्या महिला महासंचालक झाल्या. त्या बातमीच्या दिवशी आमच्या ठाण्यात पेढे वाटले गेले आणि दुपारी मला पुन्हा शेजारच्या ठाण्यातून जबाबासाठी फोन आला. मी गेले, डायरीत नोंद करून.

राहिला ८ मार्च. जावं, नाही म्हणू नये. कार्यक्रमाला आलेल्या मुख्याध्यापिका, वकील बायका, समुपदेशक यांचे नंबर घ्यावेत, ते पुढे फार कामाला येतात. शाल-श्रीफळाची सेवापुस्तकात नोंद होत नाही. माझ्याकडे एकूण १४ शाली जमल्या होत्या. नारळ त्या त्या वेळी ठाण्यातच फुटले, शाली भाचीच्या लग्नात मानपानाला गेल्या.