मंगळवारी कळवलं, तरी बँक म्हणते उशीर झाला

प्रश्न : मी इंदूरला रामबागेत राहते. गुरुवारी रात्री माझ्या डेबिट कार्डावरून परदेशी वेबसाइटवर 19,200 रुपये दोनदा गेले. ओटीपी आलाच नाही, नुसते मेसेज आले. ते मी मंगळवारी पाहिले आणि लगेच बँकेला कळवलं. पाच दिवस झाले म्हणून बँकेने 20,000 कापून 18,400 च परत दिले. हे बरोबर आहे का?

उत्तर : ताई, बँकेचा हिशेब चुकला आहे.

रिझर्व्ह बँकेच्या 6 जुलै 2017 च्या परिपत्रकात कामकाजाचे दिवस मोजायचे आहेत, तेही तुमच्या मूळ शाखेचे, आणि मेसेज आला तो दिवस सोडून. शुक्रवार पहिला. त्यानंतरचा शनिवार महिन्यातला दुसरा किंवा चौथा असेल तर बँक बंद, रविवार बंद. सोमवार दुसरा, मंगळवार तिसरा. तीन दिवसांत कळवलं तर तुमच्यावर एक रुपयाचीही जबाबदारी येत नाही. बचत खात्याला दर व्यवहारामागे 10,000 पर्यंतची कात्री चौथ्या ते सातव्या दिवसासाठी आहे. म्हणून आधी कॅलेंडर पाहा. तो शनिवार पहिला, तिसरा किंवा पाचवा असेल तर मंगळवार चौथा ठरतो.

तसं झालं तरी दुसरा मुद्दा उरतोच, आणि मला तोच जास्त भक्कम वाटतो. परदेशी साइटवर ओटीपीची सक्ती नसते, पण 2020 पासून नव्या कार्डावर परदेशी व्यवहार बंद ठेवूनच कार्ड द्यायचं, असा नियम आहे. तुम्ही ती सोय कधी सुरू केली नसेल, तर चूक बँकेची. मग कळवायला किती दिवस लागले हा प्रश्नच येत नाही.

शाखेत लेखी अर्ज द्या, पोच घ्या. त्यात तीन गोष्टी मागा : परदेशी व्यवहारांची सोय कोणत्या तारखेला आणि कुठून सुरू झाली, व्यवहाराची पडताळणी कशी झाली, मेसेज कधी पोचला. ‘कार्डाचा नंबर तुम्हीच कुणाला दिला असेल’ असं तोंडी म्हणून भागत नाही, ग्राहकाची चूक सिद्ध करायची जबाबदारी बँकेवर आहे. सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर तक्रार केली नसेल तर आजच करा, तक्रारीचा क्रमांक अर्जात लिहा.

30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करा, फी नाही. मात्र तोवर ग्राहक आयोगात दावा लावू नका. तिथे प्रकरण सुरू असेल तर लोकपाल तक्रार घेत नाही.