उद्याच्या लिलावाआधी

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेले 1939 च्या रुपयाचे फोटो मोठे करकरून पाहिले. लिलाव उद्या रात्री संपतोय आणि तुझा प्रश्न एकच आहे, किती लावू? आकडा सांगण्याआधी ते नाणं नीट बघू या.

सहाव्या जॉर्जचा हा रुपया 11.66 ग्रॅमचा, 91.7 टक्के चांदीचा. 1940 पासून रुपयातली चांदी 50 टक्क्यांवर आली, म्हणजे 1939 हे जुन्या चांदीचं शेवटचं साल. त्या सालचे रुपये फारच थोडे मिळतात. 1938 चे मात्र कोणत्याही जुन्या बाजारात दिसतात. त्यामुळे 1938 मधला शेवटचा 8 कोरून त्याचा 9 करणं हा जुना धंदा आहे. अशा नाण्याचं वजन बरोबर भरतं, चांदीही खरीच असते, त्यामुळे तराजू इथे काही कामाचा नाही. उपयोगी पडतं ते सालच. 1939 मध्ये दोन 9 आहेत. ते दोन्ही भिंगाखाली धरून एकमेकांशी ताडून बघ. पोटाची गोलाई, शेपटीचं वळण, अंकाची उंची. मग शेवटच्या अंकाभोवतीची सपाट जागा बघ. तिथे खरवडल्याच्या बारीक रेघा किंवा उगाच जास्त चकाकी दिसली, तर ते नाणं सोडून दे. तुझ्या फोटोत नेमक्या सालावरच उजेड पडून ते पांढरं झालंय. बाजूने तिरका प्रकाश टाकून काढलेला फोटो विक्रेत्याकडे आजच माग. त्याने टाळाटाळ केली तर एक रुपयाचीही बोली लावू नकोस. नाणी तपासून त्यांची प्रत ठरवणाऱ्या एनजीसी किंवा पीसीजीएस या कंपन्यांच्या सीलबंद डबीतलं नाणं असेल, तर डबीवरचा क्रमांक त्यांच्या संकेतस्थळावर टाक आणि फोटो असेल तर तोही जुळवून बघ. हल्ली डब्याही नकली येतात.

दुसरी यादी पाठवलीस ती शिवराई नाण्यांची. हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे म्हणून जरा सविस्तर लिहितो. 1674 च्या राज्याभिषेकानंतर महाराजांनी तांब्याची शिवराई पाडली. एका बाजूला तीन ओळींत ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’. पण तीच घडण पुढच्या छत्रपतींच्या आणि पेशव्यांच्या काळातही चालू राहिली. त्यामुळे लॉटच्या, म्हणजे लिलावात मांडलेल्या वस्तूच्या, मथळ्यात ‘महाराजांच्या काळातील अस्सल शिवराई’ असं लिहिलेलं असलं, तरी त्या एवढ्याने काहीच सिद्ध होत नाही. ‘छत्र’ आणि ‘पति’ यांच्या मध्ये दोन आडव्या रेघा असलेली दुदांडी शिवराई उत्तरकाळातली, आणि ती भरपूर मिळते. तिला सुरुवातीच्या शिवराईचा भाव देणं म्हणजे मथळ्याला पैसे देणं. नवशिक्या संग्राहकाने दुदांडीपासूनच सुरुवात करावी असं माझं मत आहे. स्वस्तात हात बसतो. ठसा नाण्यापेक्षा मोठा असल्यामुळे अक्षरं कडेला कापली जातात. पाच-पंचवीस शिवराया हाताळल्या की कोणती अक्षरं दिसतात, कोणती नेहमी तुटतात हे डोळ्यांना आपोआप कळायला लागतं. सोन्याचा होन मात्र ऑनलाइन दिसला की पुढे जा. अस्सल होन इतका दुर्मीळ आहे की तो फोटोवरून घेण्याची वस्तूच नाही.

आता आकडा. तसंच नाणं, त्याच प्रतीचं, आधीच्या लिलावांत प्रत्यक्ष किती रुपयांना गेलं ते शोध. मागितलेली किंमत कोणीही काहीही लिहितं, ती जमेस धरू नकोस. लिलाव कंपन्यांच्या जुन्या कॅटलॉगांसोबत निकालाचे आकडे मिळतात. चार-पाच आकडे जमले की त्यातला सगळ्यात वरचा बाजूला ठेव. त्या दिवशी दोघं हट्टाला पेटलेले असू शकतात.

मग तुझा एकूण खर्च ठरव आणि तिथून उलटा हिशेब कर. समजा तुला सगळं मिळून 6,000 रुपयेच घालवायचेत. बायर्स प्रीमियम, म्हणजे बोलीवर लिलाव कंपनी घेते ती जादा रक्कम, 20 टक्के, एकूण रकमेवर कर 5 टक्के आणि कुरिअरचे 200 धरले, तर तुझी बोली 4,600 ला थांबायला हवी. प्रीमियम 920, झाले 5,520. कर 276, कुरिअर 200, एकूण 5,996. टक्केवारी प्रत्येक ठिकाणी वेगळी असते, म्हणून नियमावली आधी वाच. पडद्यावर 5,000 दिसले की ‘अजून हजार आहेत’ असं वाटतं, आणि तिथेच नवीन मंडळी फसतात.

ठरलेला आकडा कमाल बोली म्हणून एकदाच टाक. यंत्रणा तुझ्या वतीने गरजेपुरतीच एकेक पायरी वर चढते, लगेच सगळे पैसे लावत नाही. शेवटच्या मिनिटाला टपून बसण्याचा मोह आवर. बऱ्याच ठिकाणी उशिरा बोली आली की वेळ आपोआप वाढते, आणि त्या वाढलेल्या मिनिटांत माणूस नाण्याशी नाही, समोरच्या माणसाशी भांडत बसतो. विक्रेत्याचाच कोणी बोली चढवतोय की काय, हे तुला कधी कळणार नाही. तुझा आकडा पक्का असेल, तर कळायची गरजही नाही. दहा जणांनी दहा अंदाज बांधले, तर लॉट जातो सगळ्यात मोठा अंदाज बांधणाऱ्याकडे, आणि बहुतेक वेळा त्याचा अंदाज जास्तच असतो. म्हणून ठरलेल्या आकड्यातूनही थोडं कमी करावं.

याला एक अपवाद मी मानतो. वर्षानुवर्षं समोर न येणारं, तुझ्या संग्रहातली नेमकी रिकामी जागा भरणारं आणि अस्सलपणाची खात्री पटलेलं नाणं असेल, तर आधीच, शांत डोक्याने, मर्यादा वाढवून ठेव. लिलाव चालू असताना नाही. दुदांडीसाठी असा अपवाद कधीच करू नकोस. एकाच प्रकारच्या तीन लॉटवर एकदम बोली टाकू नकोस, तिन्ही गळ्यात पडतात.

तुझा भाऊ न्यू जर्सीला आहे, म्हणून एक सांगून ठेवतो. शंभर वर्षांहून जुनी नाणी 1972 च्या पुरावशेष कायद्याखाली येतात, ती देशाबाहेर पाठवता येत नाहीत. त्याला शिवराई भेट द्यायची असेल, तर तो इथे आल्यावर दाखव आणि इथेच ठेव.

लॉट मिळालाच, तर पार्सल उघडताना सुरुवातीपासून व्हिडिओ काढ आणि तक्रारीची मुदत संपायच्या आत वजन करून घे. तांब्याचं नाणं चिंचेने आणि चांदीचं रांगोळीने घासायला घरातलं कोणीतरी प्रेमाने पुढे येईल. त्यांना थांबव. घासलेल्या नाण्याचा भाव बराच पडतो, आणि गेलेला जुना रंग परत येत नाही.

तिरक्या प्रकाशातला फोटो आला की मला पाठव. मी रात्री दहापर्यंत जागा आहे.

तुझा,
काका