अमेरिकेतले सीपीएल भारतात थेट का चालत नाही?

तुमच्या भाच्याने फ्लोरिडात कमर्शियल पायलट लायसन्स (सीपीएल), म्हणजे पगार घेऊन विमान चालवण्याचा परवाना, काढले आहे. भारत आणि अमेरिका दोघेही शिकागो करारात, म्हणजे नागरी विमानवाहतुकीच्या आंतरराष्ट्रीय करारात, असताना त्याला इथे पुन्हा परीक्षा का द्यावी लागते, असे तुम्ही विचारले आहे. हाच प्रश्न मलाही अमेरिकेत शिकून परत आल्यावर पडला होता आणि त्याचे उत्तर समजायला मला जवळजवळ वर्ष लागले, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

७ डिसेंबर १९४४ च्या त्या कराराचे कलम ३२ असे सांगते की, विमान ज्या देशात नोंदलेले आहे त्या देशाने दिलेला किंवा ग्राह्य ठरवलेला परवाना वैमानिकाकडे असला पाहिजे. आणि कलम ३३ नुसार बाकीच्या देशांनी मान्य करायचा तो हाच परवाना, तोही किमान मानके पाळून दिलेला असेल तर. म्हणजे ‘एन’ (अमेरिकन) नोंदणीचे विमान घेऊन अमेरिकन परवान्याचा वैमानिक मुंबईत उतरला, तर त्याला कोणी भारतीय परवाना मागत नाही. भाच्याला मात्र ‘व्हीटी’ (भारतीय) नोंदणीचे विमान चालवायचे आहे, आणि तिथे कोणाचा परवाना चालेल हे भारतच ठरवतो. शिवाय कलम ३२ चा दुसरा भाग फारसे कोणी वाचत नाही: आपल्याच नागरिकाला दुसऱ्या देशाने दिलेला परवाना आपल्या हद्दीतील उड्डाणासाठी नाकारण्याचा हक्क प्रत्येक देशाने त्यात राखून ठेवला आहे.

व्यवहारात डीजीसीए (भारताचे नागरी विमानवाहतूक महासंचालनालय) अमेरिकेकडून परवान्याची खातरजमा करून घेते, भारतीय क्लास वन मेडिकल (व्यावसायिक वैमानिकाची वैद्यकीय तपासणी) मागते आणि एअर रेग्युलेशन्स व कॉम्पोझिट (नॅव्हिगेशन आणि हवामानशास्त्र) हे पेपर ७० टक्क्यांनी उत्तीर्ण व्हायला सांगते. मन लावून अभ्यास केला तर यात घाबरण्यासारखे काही नाही. बहुतेकांचे घोडे अडते ते लॉगबुकात, म्हणजे उड्डाणाच्या तासांच्या नोंदवहीत.

भारताला एकूण २०० तास हवेत आणि त्यांपैकी १०० तास पायलट-इन-कमांड (पीआयसी), म्हणजे विमानाची जबाबदारी असलेला वैमानिक, म्हणून. अमेरिकेत प्रायव्हेट लायसन्स (पगाराविना उडवण्याचा परवाना) मिळाल्यानंतर, शेजारी इन्स्ट्रक्टर बसलेला असला तरी, कंट्रोल्स एकट्याने हाताळले तर तो वेळ पीआयसी म्हणून लिहिता येतो. माझ्या लॉगबुकात सेस्ना १७२ या छोट्या विमानाच्या एका ओळीत १.८ तास ‘डुअल’च्या (इन्स्ट्रक्टरसोबतच्या शिकवणीच्या) रकान्यातही होते आणि ‘पीआयसी’च्याही. तिथल्या नियमाने दोन्ही बरोबर. इथे ते फक्त डुअल. अशा ओळी वगळल्यावर माझे १३२ पीआयसी तास ९१ वर आले, आणि कमी पडलेल्या नऊ तासांचे विमानाचे भाडे मला वेगळे मोजावे लागले. चूक सर्वस्वी माझी होती, कारण भारतीय नियम मी परत आल्यावर वाचला. रात्रीच्या उड्डाणाचेही तसेच: भारताला पाच तास पीआयसी आणि दहा टेकऑफ-लँडिंग लागतात, आणि अमेरिकेत ते इन्स्ट्रक्टरला सोबत घेऊन पूर्ण करण्याची मुभा आहे. अर्जाआधीच्या सहा महिन्यांत पंधरा तास उड्डाण झालेले असावे, ही अटही आहेच; घरी येऊन परीक्षेच्या तयारीत वर्ष घालवणारे नेमके इथे सापडतात.

हा काही भारताचाच हट्ट नाही. भारतीय परवान्याच्या आधारे अमेरिका परीक्षेशिवाय देते ते फक्त प्रायव्हेट प्रमाणपत्र, आणि मूळ भारतीय परवाना गेला की तेही गेले. युरोपात कमर्शियल परवाना बदलून घेण्यासाठी लेखी परीक्षांची मोठी रांग उभी असते. परस्पर मान्यता खऱ्या अर्थाने दिसते ती युरोपीय संघाच्या २७ देशांत आणि आइसलँड, नॉर्वे, स्वित्झर्लंड व लिख्टेनश्टाइन या चार शेजाऱ्यांत, कारण तिथे नियम एकच आहे. ब्रिटन त्यातून बाहेर पडले आणि ३१ डिसेंबर २०२० नंतर ब्रिटिश परवान्यावर युरोपीय नोंदणीची विमाने चालवता येईनात. वैमानिक तेच, कौशल्य तेच.

भाचा अजून फ्लोरिडात असेल तर त्याला आज संध्याकाळीच लॉगबुक घेऊन बसायला सांगा. पीआयसीच्या रकान्यातून, ज्या ओळींवर इन्स्ट्रक्टरची सही आहे त्या सगळ्या पेन्सिलीने वगळाव्यात आणि उरलेली बेरीज करावी. ती शंभराच्या खाली आली तर राहिलेले तास, रात्रीच्या पाच तासांसकट, त्याने तिथेच एकट्याने उडवून मग तिकीट काढावे.