लेकीला फेडररचं बाझल दाखवायचंय? मग आधी हे वाचा

नमस्कार ताई,

तुम्ही लिहिलंत की मिस्टरांना स्वित्झर्लंडमधल्या बाझलच्या औषध कंपनीतून ऑफर आली आहे, अकरा वर्षांची लेक पुण्यात टेनिस खेळते, तिच्या खोलीत फेडररचं पोस्टर आहे आणि तिने तुमच्या हातात यादीच ठेवली आहे: त्याचं घर कुठे, क्लब कुठला, त्याला काय आवडतं, त्याचा आवडता खेळाडू कोण आणि मला तिथे शिकता येईल का. शाळा, घर, खर्च हे तुमचे प्रश्न त्या यादीच्या खाली. मी इथे बरीच वर्षं आहे, मुलगा इथल्याच एका क्लबात खेळत मोठा झाला, म्हणून जरा सविस्तर लिहितो. लेकीच्या यादीपासून सुरुवात करतो. तुमची निम्मी उत्तरं त्यातच निघतील.

फेडरर आता बाझलमध्ये राहत नाही, हे तिला तिकिटं काढायच्या आधीच सांगून टाका. त्याचा जन्म बाझलचा, 1981 चा, पण लहानपण गेलं ते शेजारच्या म्युन्शेनस्टाइनमध्ये. स्टेशनवरून दहा नंबरची ट्राम तिथे जाते. बघण्यासारखं तिथे काही नाही. ओळीने घरं, दाराशी सायकली, वाळत घातलेले मुलांचे बूट. कमान नाही, चौकाला नाव नाही, वाढदिवसाचे फ्लेक्स तर नाहीतच. त्याच्या नावाचा रस्ता आहे, पण तो बील शहरात, 2016 पासून. इकडे 2021 साली एका ट्रामवर त्याची चित्रं काढून तिला ‘फेडरर एक्सप्रेस’ नाव दिलं, बस. आणि 2003 ला पहिलं विम्बल्डन जिंकून आला तेव्हा ग्श्टाडच्या स्पर्धेत त्याला बक्षीस मिळाली एक गाय, नाव जूलिएट! फ्लॅट नाही, गाडी नाही. यावरून तुम्हाला या देशाचा स्वभाव कळेल.

आता जे तुमच्या कामाचं आहे ते. फेडररचे वडील रॉबर्ट स्विस, पण आई लिनेट दक्षिण आफ्रिकेची. दोघं तिकडेच भेटले, सिबा कंपनीच्या नोकरीमुळे. म्हणजे तुमच्या मिस्टरांसारखीच औषध-रसायनाची नोकरी. पुढे त्याच सिबा-गायगीचं सँडोझशी विलीनीकरण होऊन 1996 साली नोव्हार्टिस झाली. कंपनीचा स्वतःचा टेनिस क्लब होता आणि आईवडील शनिवार-रविवारी तिथे खेळायचे. पोरगं मागे मागे. त्याचं टेनिस सुरू झालं ते असं, कुठल्या अकादमीच्या जाहिरातीवरून नाही.

आठव्या वर्षी तो ‘ओल्ड बॉईज’ क्लबात गेला. तिथे पहिला कोच आडोल्फ काकोव्स्की, मूळ चेकोस्लोव्हाकियाचा. दुसरा पीटर कार्टर, ऑस्ट्रेलियातल्या बरोसा व्हॅलीचा. पुढे जिच्याशी लग्न केलं ती मिर्का, जन्म स्लोव्हाकियातला, लहानपणीच आईवडिलांबरोबर स्वित्झर्लंडला आलेली. नीट बघा, ज्याला जग ‘स्विस’ म्हणून मिरवतं त्याच्या जडणघडणीत बाहेरून आलेली किती माणसं आहेत. इथे आल्यावर पहिल्या हिवाळ्यात तुम्हाला कधीतरी वाटेल की आपण या गावात उपरे आहोत. वाटतंच. तेव्हा ही नावं आठवा.

कार्टरबद्दल लेकीला जरूर सांगा, कारण ‘फेडररची प्रेरणा कोण’ या तिच्या प्रश्नाचं माझ्या मते खरं उत्तर तोच आहे. स्वतः फार वर चढू न शकलेला खेळाडू. इथल्या क्लबाकडून सामने खेळायला आला आणि मुलांना शिकवू लागला. फेडररचं तंत्र बरंचसं त्याच्या हाताखाली घडलं. 2002 च्या ऑगस्टमध्ये दक्षिण आफ्रिकेत सुट्टीवर असताना गाडीच्या अपघातात तो गेला. फेडरर तेव्हा टोरंटोत स्पर्धा खेळत होता, एकविसावं वर्ष पूर्ण व्हायला काही दिवस होते. पुढच्याच वर्षी त्याने विम्बल्डन जिंकलं. पुढे वर्षानुवर्षं तो कार्टरच्या आईवडिलांना ऑस्ट्रेलियन ओपन बघायला स्वतःच्या खर्चाने मेलबर्नला बोलवत राहिला. 2019 ला एका मुलाखतीत कार्टरचा विषय निघाला आणि त्याला रडू आवरेना. वीस ग्रँड स्लॅम एका बाजूला, आणि हे एका बाजूला.

आवडते खेळाडू विचाराल तर लहानपणी बेकर आणि एडबर्ग, मग सँप्रस. गंमत बघा, 2001 ला विम्बल्डनच्या चौथ्या फेरीत त्याने त्याच सँप्रसला पाच सेटमध्ये हरवलं, आणि 2014-15 मध्ये एडबर्गलाच कोचच्या खुर्चीत आणून बसवलं. फुटबॉलमध्ये एफसी बाझल. लाल-निळा स्कार्फ घातलेली माणसं ट्राममध्ये दिसली की समजा आज मॅच आहे. चॉकलेट आणि फॉन्ड्यू तर प्रत्येक स्विस माणसाला आवडतं, त्यात नवल काही नाही. पत्त्यांमध्ये ‘यास’: जोडीदार समोर, हुकूम ठरवायचा, गुण मोजायचे. आपल्या मेंढीकोटवाल्याला तासाभरात जमेल असा खेळ आहे. ऑफिसात जेवणानंतर यास खेळणारे असतील तर मिस्टरांना सांगा, बसायचं. ओळखी तिथेच होतात.

गावात त्याची आठवण जागवणारी जागा म्हणाल तर एकच, आणि ती तिला प्रत्यक्ष बघता येईल. दर ऑक्टोबरच्या शेवटी इथल्या सांक्ट याकोब हॉलमध्ये स्विस इनडोअर्स स्पर्धा असते. हॉल त्याच्या लहानपणीच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. आई स्पर्धेच्या ओळखपत्रांच्या कचेरीत काम करायची, आणि 1992-93 मध्ये तो स्वतः तिथे बॉलबॉय होता. 1998 ला सतराव्या वर्षी तिथेच पहिल्या फेरीत आगासीकडून सरळ हरला. मग 2000 आणि 2001, दोन फायनल हरला. गावात पहिल्यांदा जिंकायला 2006 उजाडलं. पुढे ही स्पर्धा त्याने एकूण दहा वेळा जिंकली. 2019 चं दहावं विजेतेपद हेच त्याच्या कारकिर्दीतलं शेवटचं, 103 वं. फायनल संपली की तो बॉलबॉय-बॉलगर्लना पिझ्झा खिलवायचा, त्यांच्यात बसून स्वतःही खायचा. त्या शेवटच्या वर्षी कोर्टवर रांगेत उभ्या मुलांकडे बघून बोलता बोलता त्याचा गळा दाटला. मी स्टेडियममध्ये वरच्या रांगेत होतो. शेजारचे आजोबा, ज्यांनी दोन तास चकार शब्द काढला नव्हता, ते चष्मा काढून पुसत बसले होते.

आता तुमच्या काळजीचा विषय, म्हणजे शाळा. इथेही फेडररचीच गोष्ट उपयोगी पडते.

चौदाव्या वर्षी तो लोझानजवळच्या एक्युब्लांच्या राष्ट्रीय टेनिस केंद्रात गेला. एका टेनिस मासिकाला मुलाखत देताना त्याने परस्पर सांगून टाकलं की मी तिकडे जाणार, आणि घरच्यांना ते छापून आल्यावर कळलं. देश तोच, पण भाषा फ्रेंच, आणि त्याला ती येत नव्हती. परक्या कुटुंबात राहायचा. रविवारी संध्याकाळी परत जायच्या ट्रेनची वेळ झाली की रडायचा. पहिले काही महिने खेळही बिघडला. हे सगळं बाझलहून ट्रेनने दोन-सव्वादोन तासांवर. तुमची लेक येणार पुण्याहून.

माझं मत स्पष्ट आहे: पहिलं वर्ष टेनिसचं नाही, जर्मनचं. कारण असं की बाझलमध्ये प्राथमिक शाळा सहावीपर्यंत, आणि त्यानंतर मुलं ए, ई आणि पी अशा तीन वाटांना लागतात. पी म्हणजे पुढे गिम्नाझियम (विद्यापीठाची तयारी करून घेणारी वरची शाळा) आणि विद्यापीठाकडे जाणारी. अकराव्या वर्षी येणारं मूल नेमकं या वळणाच्या तोंडाशी येतं. वाटा नंतर बदलता येतात, दारं बंद होत नाहीत, पण धावपळ होते. शिवाय तिसरीपासून फ्रेंच आणि पाचवीपासून इंग्रजी असते, म्हणजे वर्गातली मुलं फ्रेंचमध्ये तिच्या पुढे असतील. नवीन आलेल्या मुलांना जर्मनची वेगळी शिकवणी शाळाच देते, ती चांगली असते. पण शाळेत जर्मन आणि मधल्या सुट्टीत बाझलची बोली, असा दुहेरी प्रकार आहे. तो पुण्यात बसून शिकता येत नाही. जर्मन मात्र तिथे शिकता येतं, ऑफर पक्की झाली त्याच दिवशी क्लास लावा, मॅक्सम्युलर भवन हाताशी आहे तुमच्या.

कंपनी इंटरनॅशनल स्कूलचे पैसे देत असेल तर मोह होईल. दोन-तीन वर्षांसाठीच येत असाल तर जरूर घ्या. राहायचा विचार असेल तर सरकारी शाळा. तिथल्या मैत्रिणी शेजारच्या गल्लीतल्या असतात, आणि क्लबात त्याच भेटतात. दुपारी जेवायला मुलं घरी येतात किंवा पैसे भरून शाळेच्या दुपारच्या सोयीत थांबतात, आणि शाळेत स्वतःची स्वतः चालत जातात. तुम्ही गेटपर्यंत सोडायला गेलात तर बाईच सांगतील की येऊ नका.

क्लबचं म्हणाल तर ओल्ड बॉईज आजही आहे आणि बाहेरच्यांना बंद नाही. सभासद व्हायचं, मुलांच्या गटात नाव घालायचं. पण हट्ट धरू नका. घरापासून सायकलने जाता येईल असा क्लब बघा, या शहरात आणि आजूबाजूला ते पुष्कळ आहेत. क्लब म्हणजे इथे ‘फेरआइन’: सभासदांनी चालवलेली संस्था. वसंतात लाल मातीची कोर्टं तयार करायला सगळ्यांनी हात लावायचा, कधीतरी क्लबहाऊसमध्ये केक करून न्यायचा. खेळून झालं की जाळी ओढून कोर्ट सारखं करायचं आणि रेषा झाडायच्या. मुलगी नवी आहे, पाहुणी आहे, म्हणून कोणी सूट देत नाही. पुण्यात मार्करभाऊ करतात ते इथे आपण.

पुण्यात रोज दोन-तीन तास खेळायची सवय असेल तर सुरुवातीला हिरमोड होईल. क्लबच्या गटात आठवड्याला एक-दोन तास, चार मुलं, एक कोच. बाकी भिंतीवर किंवा मैत्रिणीबरोबर. हिवाळ्यात इनडोअर कोर्टचं भाडं वेगळं आणि चांगलंच जड. रँकिंग आर-9 पासून सुरू होतं (आर म्हणजे प्रादेशिक) आणि आर-1 च्या वर एन, म्हणजे राष्ट्रीय गट. लायसन्स घेतलं की स्पर्धा खेळता येतात. खरंच दम दिसला तर पुढे खेळाडूंसाठी वेगळे वर्ग आहेत, गिम्नाझियम बॉयम्लिहोफमध्येही आहेत. पण ते नंतर. केवळ टेनिससाठी बाझलला या, असं मी कोणालाही सांगणार नाही. तेवढ्यासाठी बालेवाडी काही वाईट नाही. नोकरी चांगली असेल तर या.

आणि पोस्टरवाल्याचं आणखी एक तिला सांगा. हाच मुलगा तरुणपणी रॅकेटी आपटायचा. बीलच्या नव्या टेनिस केंद्रात, ज्या पडद्याला काही होणार नाही असं सांगितलं होतं, त्यावरच रॅकेट भिरकावून त्याने तो फाडला. शिक्षा म्हणून आठवडाभर पहाटे उठून साफसफाई. आणि 2024 ला अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजच्या पदवीदान समारंभात त्यानेच सांगितलं: कारकिर्दीतल्या 1526 एकेरी सामन्यांपैकी जवळजवळ 80 टक्के जिंकलो, पण गुण जिंकले फक्त 54 टक्के. ही आकडेवारी आमच्या फ्रिजवर बरेच दिवस चिकटवलेली होती.

बाकीचं भरभर. आल्यापासून चौदा दिवसांत गावाच्या कचेरीत नोंदणी. तीन महिन्यांत प्रत्येकाचा आरोग्य विमा, तो कंपनी काढत नाही, आपण काढायचा. मोठ्यांची फ्रांशिझ, म्हणजे आधी आपल्या खिशातून जाणारी रक्कम, 300 ते 2500 फ्रँकमधली निवडायची. घराला तीन महिन्यांच्या भाड्यापर्यंत डिपॉझिट. घर मिळायला वेळ लागतो, म्हणून कंपनीकडून सुरुवातीची तात्पुरती जागा लेखी मागून घ्या. आमच्या वेळी ‘बघू’ म्हणाले आणि बघितलं काहीच नाही. कचरा ठरावीक निळ्या पिशवीतच, तिच्या किमतीतच कर. रविवारी दुकानं बंद, वॉशिंग मशीनही शक्यतो बंद. पोहे, गोडा मसाला आणू नका असं नाही, पण डाळ-तांदूळ इथे सगळं मिळतं. आठ नंबरची ट्राम थेट जर्मनीत वाइलला जाते, किराणा तिकडे स्वस्त.

येण्याची तारीख ठरली की क्लबला लगेच मेल टाका आणि ‘श्नुपरट्रेनिंग’ मागा, म्हणजे एक-दोनदा फुकट किंवा नाममात्र पैशात खेळून बघता येतं. मातीचा मोसम एप्रिलच्या सुमारास सुरू होतो आणि मुलांचे गट त्याआधीच भरायला लागतात. तिचे हार्ड कोर्टचे बूट चालणार नाहीत, मातीच्या कोर्टाचे तळवे वेगळे असतात. ते पुण्यातच घ्या, इथे दुप्पट पडतील. ऑक्टोबरपर्यंत पोचत असाल तर कळवा, स्विस इनडोअर्सची तिकिटं आम्ही काढतोच, तीन वाढवू.